घरी वाइन देताना: आधी थंडावा, मग बाकी सगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी पहिल्यांदाच आठ जणांना जेवायला बोलावलंय. एक स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), दोन व्हाइट आणि दोन रेड अशा पाच बाटल्या आणून ठेवल्यात. ग्लास कोणते घ्यायचे, बाटली किती तास आधी उघडून ठेवायची, डिकँटर (बाटलीतली वाइन ओतून ठेवायचं काचेचं रुंद भांडं) विकत घ्यावाच लागतो का, आणि ओतताना काय पाळायचं?

मी बावीस वर्षं लोकांच्या टेबलावर वाइन वाढतोय, आणि गेली काही वर्षं नव्या मुलामुलींना हेच काम शिकवतोय. त्या अनुभवावरून सांगतो, यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विचारायचीच राहून गेली आहे, ती म्हणजे तापमान. साधीशी वाइन योग्य थंडाव्यात दिली तर पाहुणे दुसरा ग्लास आपणहून मागतात, आणि जपून ठेवलेली उंची बाटली कोमट दिली तर तिची सगळी नजाकत वाया जाते. ग्लास, डिकँटर, ओतण्याची पद्धत या सगळ्यांचा नंबर त्यानंतर लागतो.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे आकडे पाठ करावे लागत नाहीत. वाइनचा गंध म्हणजे तिच्यातून उडणारी संयुगं. फार थंड केली की ती उडतच नाहीत, वाइन मुकी होते. आंबटपणा टोकदार लागतो आणि रेडमधला तुरटपणा हिरड्यांना झोंबतो. उलट गरम झाली की फळांच्या वासाच्या आधी अल्कोहोलची वाफ नाकात शिरते, चव सैल आणि जड होते. या दोन टोकांच्या मधे प्रत्येक प्रकाराची आपली जागा आहे. स्पार्कलिंग ६ ते ९ अंश सेल्सिअस. हलकी, ताजी व्हाइट आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, ८ ते ११. लाकडी पिंपात मुरलेली शार्दने (या नावाच्या द्राक्षाची व्हाइट) जरा वर, १० ते १३. पिनो न्वार किंवा गामेसारखी हलकी रेड १२ ते १४. कॅबर्ने सोव्हिन्यों, सिरा अशा भारदस्त रेड १५ ते १८. गोड वाइन व्हाइटसारखीच थंड द्यावी, म्हणजे गोडवा अंगावर येत नाही.

आता 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची' हे वाक्य. ते युरोपातल्या जुन्या, दगडी, गारठलेल्या घरांमधलं आहे. तिथे खोलीचं तापमानच १६-१७ अंश असायचं. आजच्या घरात ते २२ असतं, कुठे ३० असतं. म्हणजे घर कुठेही असो, रेड बहुधा फ्रीजमध्ये ठेवावीच लागते. घर २२ अंशांवर असेल तर अर्धा तास पुरतो. ३० अंशांवर असेल तर सव्वा तास तरी लागेल. व्हाइट मात्र फ्रीजमधून थेट टेबलावर आणू नका. फ्रीज ४-५ अंशांवर चालतो, त्यामुळे हलकी व्हाइट वाढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा आणि पिंपातली शार्दने त्याहून थोडी आधी. शंका आली तर एक-दोन अंश जास्त थंड द्या. ग्लासात वाइन आपोआप तापते, पण ग्लासात ती गार करायला दुसरा उपाय नाही. कुणी बर्फाचा खडा मागितलाच तर जरूर द्या, पाहुण्याच्या ग्लासावर आपला हक्क नाही. फक्त आपण होऊन घालू नका.

थर्मामीटर नसेल तर तळवा पुरेसा आहे. रेडच्या बाटलीला हात लावल्यावर सावलीतल्या दगडी फरशीसारखा गारवा लागला पाहिजे. व्हाइटच्या बाटलीवर बाहेर आणल्यावर दोन-तीन मिनिटांत दव धरलं पाहिजे.

ऐनवेळी आठवण झाली तर? बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी. नुसता बर्फ घातला तर खड्यांच्या मधे हवा राहते आणि काचेला थंडावा लागतो तो मोजक्या ठिकाणी. पाणी घातलं की तो चारही बाजूंनी भिडतो. वीस-पंचवीस मिनिटांत व्हाइट तयार होते. मूठभर मीठ टाकलं तर बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातं आणि वेळ आणखी वाचतो. बाटलीचा गळा पाण्याबाहेर राहत असेल तर पहिला ग्लास कोमट निघतो, म्हणून मधे एकदा बाटली बादलीतच सावकाश गोल फिरवा. फ्रीजरच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. गप्पांच्या नादात बाटली आत राहते, वाइन गोठून फुगते आणि कॉर्क वर ढकलला जातो. स्पार्कलिंगची बाटली तर फ्रीजरमध्ये अक्षरशः फुटू शकते.

थंडाव्याचं एवढं झालं की बाटली उघडणं. इथे बहुतेकांचा हात अडखळतो, म्हणून जरा जवळून सांगतो.

मला आजही वेटर वापरतात तोच घडीचा कॉर्कस्क्रू सगळ्यात भरवशाचा वाटतो. त्याला छोटी सुरी असते, स्क्रू असतो आणि एक टेकू असतो. कार्ल विएन्के या जर्मन माणसाने १८८२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि मूळ कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. घेताना दोन पायऱ्यांचा टेकू असलेला घ्या. आधी बाटली टेबलावर उभी ठेवा, मांडीत धरू नका. तोंडाला खाली एक जाड कडा असते, तिच्या खालच्या बाजूने सुरी फिरवून वरचं वेष्टण कापा. कडेच्या वरून कापलं तर वाइन त्या पत्र्याला घासून बाहेर येते. कापडाने तोंड पुसा. आता स्क्रूचं टोक कॉर्कच्या मध्यापासून किंचित बाजूला टेकवा. हे चुकीचं वाटतं, पण वेटोळ्याचं टोक मध्यरेषेच्या बाहेर असतं, त्यामुळे टोक बाजूला ठेवलं की अख्खं वेटोळं बरोबर मधोमध उतरतं. सरळ उभं धरून फिरवत न्या आणि शेवटचं एक वेटोळं बाहेर दिसत राहील तिथे थांबा. पूर्ण आत नेलं तर कॉर्कच्या तळातून भुगा वाइनमध्ये पडतो. टेकूची पहिली पायरी कडेवर ठेवून उचला, मग दुसरी पायरी ठेवून उचला. शेवटचा अर्धा सेंटीमीटर राहिला की कॉर्क बोटांत धरा आणि हलवत हलवत काढा. आवाज व्हायला नको. पुन्हा एकदा तोंड आतून-बाहेरून पुसा.

कॉर्क मोडला तर घाबरू नका. उरलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घालून अगदी हळू ओढा. तेही जमलं नाही तर तुकडा आत ढकलून द्या आणि वाइन बारीक गाळणीतून स्वच्छ भांड्यात गाळून घ्या. चवीला काही होत नाही. फिरकीचं झाकण असलेली बाटली मिळाली तर मनात कमीपणा आणू नका. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीतल्या रीझलिंग करणाऱ्यांनी २००० साली एकत्र येऊन कॉर्क सोडला, तो वाइन जास्त चांगली टिकावी म्हणून. पाहुण्यांसमोर ते झाकण निर्धास्तपणे उघडा.

उघडल्यावर लगेच पाहुण्यांना ओतायचं नाही. आधी आपल्या ग्लासात दोन घोट घ्या आणि वास घ्या. यजमान पहिला घोट घेतो तो मान म्हणून घेत नाही, तपासणी म्हणून घेतो. काही कॉर्कमधून ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं संयुग वाइनमध्ये उतरतं. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या वर्तमानपत्राचा, बंद तळघराचा वास येतो. कॉर्कच्या दोषाचं हे कारण १९८२ मध्ये उजेडात आलं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्यानेही वाइनचा फळांचा वास बुजतो. प्रकृतीला अपाय नसतो, पण ती वाइन देण्यात अर्थ नसतो. कामाच्या पहिल्याच वर्षी मी एका कुटुंबाची खूप वर्षं जपलेली बाटली उघडली आणि घाईत वास न घेता दहा ग्लासांत ओतली. सगळ्यांनी घोट घेतला आणि कुणीच काही बोललं नाही. बाटली ज्यांनी जपली होती त्या आजोबांना वाईट वाटू नये म्हणून सगळे गप्प बसले होते. तो पुठ्ठ्याचा वास माझ्या नाकात शिरला तोवर उशीर झाला होता. नुसता आधी वास घेतला असता तर बाटली आत नेऊन दुसरी आणता आली असती. तेव्हापासून नाक लावल्याशिवाय मी एकही बाटली पुढे नेलेली नाही. दुसरी खूण व्हिनेगरसारख्या वासाची, किंवा व्हाइट असून तपकिरी पडलेल्या रंगाची. मात्र कॉर्कला किंवा तळाला काचेसारखे बारीक खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे स्फटिक आहेत, त्यात दोष नाही. पाहुण्यांना काचेची भीती वाटू शकते, म्हणून सांगून टाका.

स्पार्कलिंगचं शास्त्र वेगळं आहे, आणि इथे मी थोडा कडक आहे. शॅम्पेन पद्धतीच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. कॉर्क उडवण्याची हौस सोडून द्या. माझ्यासमोर एका घरगुती समारंभात उडालेल्या कॉर्कने दिव्याची काच फुटली, तुकडे वाढलेल्या ताटांत पडले आणि सगळं जेवण टाकून द्यावं लागलं. डोळ्याला लागलं तर काय, हे सांगायला नको. बाटली नीट थंड करा, कारण कोमट बाटलीत दाब वाढतो. बाटली हलवत, आपटत आणू नका. वेष्टण काढा, अंगठा कॉर्कवर ठेवा आणि तारेची जाळी सहा अर्ध्या वळशांत सैल करा. ही जाळी अ‍ॅडॉल्फ जॅकसन यांनी १८४४ मध्ये आणली, त्याआधी कॉर्क दोरीने बांधत. जाळी काढू नका, ती कॉर्कसकट मुठीत धरा. पकड घट्ट राहते. बाटली ४५ अंशांत तिरकी, तोंड माणसांपासून लांब. मग एक हात कॉर्कवर स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने बाटली बुडाकडून फिरवा. कॉर्क वर यायला लागला की त्याला उलट आत दाबत राहा. शेवटी 'फुस्स' एवढाच आवाज येतो, कुणीतरी सुस्कारा टाकल्यासारखा. तेवढाच यायला हवा.

ओततानाही ग्लास तिरका धरून कडेने ओता. फ्रान्समधल्या रँस विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर शॅम्पेनच्या बुडबुड्यांवर वर्षानुवर्षं संशोधन करतात. त्यांच्या गटाने २०१० मध्ये मोजून दाखवलं की उभ्या ग्लासात मधोमध ओतण्यापेक्षा बिअरसारखं कडेने ओतलं तर वायू जास्त टिकतो, आणि वाइन जितकी थंड तितका तो कमी निसटतो. बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' असेल तर ती 'ब्रूट'हून किंचित गोड असते, नावावरून उलट वाटलं तरी. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ ग्रॅम. जेवणाआधी द्यायची तर ब्रूट घ्या.

आता डिकँटर. तुमच्या पाच बाटल्यांसाठी तो विकत घेण्याची गरज नाही. डिकँटरची कामं दोनच: जुन्या वाइनचा गाळ वेगळा करणं आणि तरुण, तुरट रेडला हवा देणं. दुसरं काम काचेच्या कुठल्याही स्वच्छ, रुंद जगमध्ये होतं. नुसता कॉर्क काढून बाटली दोन तास उघडी ठेवणं, ज्याला लोक 'वाइनला श्वास घेऊ देणं' म्हणतात, त्याने जवळपास काहीच होत नाही. बाटलीच्या गळ्यात हवेला जेवढी वाइन लागते ती एका नाण्याएवढी. तीच वाइन जगमध्ये ओतली की ओततानाच ती हवेत मिसळते. जाड, तरुण रेड तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवली तर तिचा राकटपणा बहुधा कमी होतो. यावर जाणकारांत एकमत नाही, हेही सांगायला हवं: फ्रान्समधल्या बोर्दोचे एमिल पेनो हे मोठे अभ्यासक गाळ असेल तरच, तेही वाढायच्या अगदी आधी डिकँट करा असं म्हणत. माझा स्वतःचा नियम चवीचा आहे. दोन घोट घ्यायचे. जीभ आवळली तर ओतायची, नाही तर बाटलीतच राहू द्यायची.

गाळाची गोष्ट मात्र खरी, आणि ती करताना मला अजून आनंद होतो. दहा-पंधरा वर्षं जुनी रेड किंवा व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) आडवी ठेवलेली असते. आदल्या दिवशी ती उभी करा म्हणजे गाळ तळाला बसतो. वाढायच्या आधी बाटली न हलवता उघडा, गळ्याच्या मागे मेणबत्ती किंवा छोटी विजेरी ठेवा आणि एका हाताने सलग, धार न तोडता ओता. पहिली बरीच मिनिटं काचेतून नितळ तांबडा प्रकाश दिसत राहतो. मग खांद्यापाशी धुरासारखी एक बारीक रेघ सरकत येते. ती गळ्याशी पोहोचली की हात थांबला पाहिजे. तळाशी अर्धा ग्लास उरेल तो सोडून द्या. फार जुनी वाइन ओतल्यावर लगेच द्या. तिचा गंध अर्ध्या तासातही उडून जातो.

ग्लासांवर पैसे घालवण्याआधी एवढं लक्षात घ्या. ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल यांनी १९७३ मध्ये वेगवेगळ्या वाइनसाठी वेगवेगळ्या आकारांचे ग्लास बाजारात आणले आणि तेव्हापासून कपाटं भरायला लागली. आकाराने गंधात फरक पडतो हे खरं आहे. पण अमुक ग्लास वाइन जिभेच्या अमुक भागावर नेतो म्हणून ती गोड लागते, हा दावा ज्या जिभेच्या नकाशावर उभा आहे तोच चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. घरी एकाच प्रकारचे, ट्यूलिपच्या फुलासारखे, खाली फुगीर आणि वर आवळलेले, ४०० मिलीच्या आसपासचे पातळ काचेचे ग्लास घ्या. त्यात व्हाइट, रेड, स्पार्कलिंग सगळं छान लागतं. स्पार्कलिंगसाठी उंच, अरुंद फ्लूट असेल तर वापरा, पण मला ट्यूलिपच जास्त आवडतो, कारण फ्लूटमध्ये नाक घालायला जागा नसते. ग्लास दांडीला धरायचे, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. दांडी नसलेले ग्लास असतील तर वाइन जरा जास्त थंड ठेवा, एवढंच.

ग्लास कसले आहेत यापेक्षा ते कसे धुतलेत हे महत्त्वाचं. कपाटात उपडे ठेवलेले ग्लास लाकडाचा, धुळीचा वास धरतात. दुपारीच प्रत्येक ग्लास काढा आणि रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. साबणाचा थर राहिला असेल तर स्पार्कलिंगचा फेस लगेच बसतो. गरम पाण्याने खळबळून, वाफ असतानाच न सुटणाऱ्या धाग्याच्या सुती कापडाने पुसा. पुसताना वाटीचा भाग एका हातात आणि पाया दुसऱ्या हातात धरून पिळलं की दांडी मोडते. बहुतेक ग्लास असेच फुटतात आणि हात कापतो. जो भाग पुसताय तोच भाग धरा.

ओतणं. स्पार्कलिंग सोडून बाकीची वाइन उभ्या ग्लासात, ग्लास टेबलावरून न उचलता, बाटलीचं तोंड ग्लासाच्या काठाला न टेकवता ओता. बाटली मधोमध किंवा बुडाकडे धरा, लेबल पाहुण्याला दिसेल असं. आपण काय पितोय ते विचारावं लागू नये. थांबताना मनगट थोडं फिरवत बाटली वर घ्या, म्हणजे शेवटचा थेंब काठावर फिरतो आणि चादरीवर पडत नाही. दुसऱ्या हातात घडी घातलेलं कापड असू द्या. ग्लास अर्धाही भरू नका. वाटी जिथे सगळ्यात रुंद असते तिथे थांबा, साधारण १२० ते १५० मिली. वरची रिकामी जागा गंधासाठी असते. ७५० मिलीच्या बाटलीतून असे पाच-सहा ग्लास निघतात, म्हणजे आठ जणांना एका बाटलीतून पहिल्या फेरीत ९० मिली द्यायची, नाहीतर शेवटच्या दोघांना रिकाम्या बाटलीकडे बघावं लागतं. हे गणित आधी करून ठेवा. आधी पाहुणे, त्यातही वडीलधारे. आपला ग्लास सगळ्यात शेवटी.

क्रम सोपा आहे: हलकी आधी, भारी नंतर, कोरडी आधी, गोड नंतर. तुमच्याकडे स्पार्कलिंग दारात स्वागताला, मग व्हाइट, मग रेड. जेवणाशी मेळ घालण्याचे तर खूप नियम सांगतात; मला दोन-तीनच कामाचे वाटतात. तुरट रेड मीठ आणि स्निग्धपणा असलेल्या पदार्थांबरोबर मऊ होते. झणझणीत पदार्थांबरोबर तुरटपणा आणि जास्त अल्कोहोल दोन्ही आग वाढवतात, तिथे किंचित गोडसर, थंड व्हाइट द्या. आणि शेवटच्या गोड पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड नसेल तर ती आंबट लागते. यापुढे पाहुण्याला जे आवडतं ते.

किंमत सांगू नका, कितीही राहवलं नाही तरी. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली, तर ९० डॉलर ऐकल्यावर ती लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही तो फरक दिसला. म्हणजे किंमत ऐकली की माणूस आपल्या जिभेचं ऐकत नाही. द्राक्ष कोणतं, वाइन कुठली, आणि ती का निवडली, एवढं एका वाक्यात सांगा.

माझ्या मनातली सर्वात जवळची गोष्ट आता. ग्लास रिकामा होण्याआधी सारखी भर घालू नका. यजमानाला ते अगत्य वाटतं, पण पाहुण्याला आपण किती प्यायलो हे कळेनासं होतं. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलीत सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि यकृताला ते निकालात काढायला दीड ते दोन तास लागतात. ग्लास पूर्ण संपू द्या, विचारा, मग ओता. प्रत्येकाच्या वाइनच्या ग्लासाशेजारी पाण्याचा ग्लास हवाच, आणि तो मात्र न विचारता भरत राहा. आठ जणांना पाच बाटल्या भरपूर होतात. सगळ्या संपल्याच पाहिजेत असं नाही.

आणि जे पीत नाहीत ते? त्यांना 'का नाही' विचारू नका. औषध चालू असेल, दिवस गेले असतील, गाडी चालवायची असेल, नको असेल. कारण सांगायला लावणं हाच त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्यासाठी फळांचा ताजा रस किंवा सोडा-लिंबू तेवढ्याच निगुतीने थंड करा आणि त्याच दांडीच्या ग्लासात, बाकीच्यांबरोबर त्याच वेळी द्या. मी शिकवताना मुलांना हे आधी करायला लावतो, वाइनची बाटली नंतर हातात देतो. गाडी घेऊन आलेल्यांच्या परतीची सोय बाटल्या उघडण्याआधीच विचारून ठेवा. रात्री अकराला तो विषय काढणं सगळ्यांनाच अवघड जातं.

उरलेली वाइन फ्रीजमध्ये, रेडसुद्धा. थंडीत तिचं बिघडणं मंदावतं. तोच कॉर्क वाइनकडची बाजू खाली ठेवून परत लावा. व्हाइट तीन ते पाच दिवस चांगली राहते, रेड दोन-तीन. अर्ध्याहून कमी उरली असेल तर ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा. आत हवाच कमी राहते. स्पार्कलिंगला पकडीचं बूच लागतं, कॉर्क परत बसत नाही. गळ्यात चमचा अडकवल्याने बुडबुडे टिकतात असं सांगतात, पण त्याचा उपयोग होत नाही.

ग्लास त्या रात्री घासू नका. हात दमलेले असतात, पातळ काच निसरडी होते. प्रत्येक ग्लासात थोडं पाणी घालून ठेवा म्हणजे रेडचा डाग तळाला सुकत नाही, आणि ते मोरीत न ठेवता टेबलावरच, भिंतीकडेला सरकवून ठेवा. सकाळी सावकाश धुवा.